बोट कागदावरच होतं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. दादांना तर नाहीच — आणि सांगायचं होतं ते त्यांनाच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि अनोळखी माणसापुढं मान खाली घालणं जरा सोपं जातं. एवढा भित्रेपणा अजून माझ्यात आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

पण सुरुवात माझ्यापासून नको. आमच्या विहिरीपासून करतो — जी गेली.

धारूरच्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला आमचं विहिरीचं रान होतं. मोठं नव्हे. पण वैशाखातसुद्धा त्या विहिरीत पोहरा बुडायचा, आणि आमच्या त्या खडकाळ भागात हे भाग्य थोड्याच घरांना होतं. मी सहा-सात वर्षांचा असताना एका भाऊबंदानं रानावर दावा लावला. तहसिलीतून कागद आला. कचेरी निजामाची, कागद उर्दूत. आमच्या घरात मराठीसुद्धा कुणाला वाचता येत नव्हतं. दादा तो कागद घेऊन चावडीवर गेले. तिथं एक माणूस लोकांचे कागद वाचून द्यायचा. त्यानं कागद हातात धरला, दादांच्या तोंडाकडं बघितलं आणि सांगितलं की काही नाही, दावा लागलाय एवढंच. तारीख मागाहून कळवतील, घरी जा.

तारीख त्याच कागदात होती. ती निघून गेली, निकाल एकतर्फी लागला आणि विहीर भाऊबंदाची झाली.

त्या माणसाला कुणी फितवलं होतं, की त्याला स्वतःलाच धड वाचता येत नव्हतं? आजवर कळलं नाही. दादांनी मात्र एकच गोष्ट धरून ठेवली. "त्याचं बोट कागदावर न्हवतं," ते म्हणायचे. "त्यो माझ्या तोंडाकडं बघून वाचीत व्हता."

पुढची सात-आठ वर्षं कशी गेली ते फार सांगत नाही. माय घाट उतरून तेलगावच्या बाजूला कापूस वेचायला जायची आणि चार-चार दिवस तिकडंच एखाद्याच्या गोठ्यात राहायची. थोरला भाऊ लोकांच्या गुरांमागं गेला, त्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही. घरात ज्वारीच्या कण्या शिजायच्या, त्याही मोजून. आणि मी — मी एकटा शाळेत. "आपल्या घरात कागद वाचणारा एक तरी पायजे," एवढंच दादांचं म्हणणं. मी अक्षरं जुळवायला लागलो तसे ते कुठूनही कागद गोळा करून आणायचे. चहाच्या पुड्याचं वेष्टण, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, बाजारात पडलेला एखादा फाटका जाहीरनामा. माझ्यापुढं बसायचे आणि म्हणायचे, वाच. वाचताना बोट शब्दाखाली पाहिजे. उर्दू असेल तर उजवीकडून डावीकडं, मराठी असेल तर डावीकडून उजवीकडं — हे त्यांना पक्कं माहीत होतं. बोट जरा उचललं की म्हणायचे, "ठिव."

मला वजीफा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती, मिळाला, हैदराबादेत कॉलेजात गेलो, उर्दूतून शिकलो आणि बी.ए. झालो. आमच्या सात पिढ्यांत पहिला. हे मी गर्वानं सांगतो. बाकी पुष्कळ गोष्टींची लाज वाटते, ह्याची वाटत नाही.

आता माझी मतं सांगतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

निजामाच्या मुलखात तेव्हा माणसांचे दोन प्रकार होते — मुल्की आणि गैरमुल्की. मुल्की म्हणजे इथलाच, गैरमुल्की म्हणजे बाहेरून आलेला. नोकऱ्या मुल्कींना द्याव्यात असा नियम होता. माझ्या खिशात मुल्की असल्याचा दाखला होता आणि हातात डिग्री. दीड वर्ष मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक चांगल्या खुर्चीवर कुणीतरी बाहेरचा — उत्तरेकडून आलेला, कुणाचा तरी मेहुणा, कुणाच्या तरी शिफारशीचा. मला वाटायचं, राज्य आपलं नाही, राज्याची भाषा आपली नाही, निदान नोकरी तरी आपली असावी की नाही? चुकीचं होतं का हे? मला आजही पुरतं चुकीचं वाटत नाही. तिकडं इंग्रजी मुलखात लोक सत्याग्रह करून तुरुंगात जात होते, तर माझ्या मनात यायचं की उद्या ह्यांचं राज्य आलं तरी आमच्या बीड जिल्ह्यातल्या पोराला कोण विचारणार आहे? मी कुणावरच विश्वास ठेवत नव्हतो. सरकारवर नाही, सरकारच्या विरोधकांवर नाही, वर्तमानपत्रावर तर मुळीच नाही — ते कुणाच्या मेहेरबानीवर चालतं ते मी हैदराबादेत पाहिलं होतं.

मतं असणं हा गुन्हा नाही. मी ती कशी वापरली, ते पुढं येतं.

हात हलवत धारूरला परतलो. बाजारपेठेत महालिंगअप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलणं तोलून. कापसाचे आणि गुळाचे भाव कळावेत म्हणून त्यांनी हैदराबादचं एक उर्दू वर्तमानपत्र टपालानं लावलं होतं. ते तीन-चार दिवस शिळं होऊन यायचं. बाजाराच्या दिवशी दहा-पंधरा माणसं पोत्यांवर, पायऱ्यांवर बसायची, आणि मी पेपर उघडून उर्दू वाचत मराठीत सांगायचो. हेच माझं काम झालं. बिनपगारी, पण मानाचं. बापूराव नावाचे एक थट्टेखोर शेतकरी दर वेळी म्हणायचे, "बीए, आधी कापूस चढला का पडला ते सांग. न्हाईतर उगं राजेलोकाच्या मेजवान्या वाचीत बसशील, आन् आमी उपाशी ऐकीत." सगळे हसायचे. दादा कडेला भिंतीला टेकून बसायचे. त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडं नसायचं — बोटाकडं असायचं.

खरं सांगू? मी पहिल्यापासून थोडं वाढवून वाचायचो. तीन ओळींची बातमी असली की दहा ओळींची करायचो. इंग्रजी मुलखात कुठं दंगा झाला की त्यात चार वाक्यं माझी. लोकांना ते आवडायचं आणि मला ते ऐकताना बघायला आवडायचं. छापलेलं म्हणजे खरं, आणि बी.ए.नं वाचलं म्हणजे दुप्पट खरं. माझं मत मी माझं म्हणून सांगितलं असतं तर बापूरावांनी दोन मिनिटांत त्याची टर उडवली असती. पेपराच्या तोंडून सांगितलं की मुकाट ऐकायचे.

आता रघुनाथ मास्तर.

तो नगरकडचा. सीना नदीच्या पलीकडं इंग्रजांचा मुलूख, तिथला. तीन वर्षांपूर्वी बायकोसह येऊन धारूरला राहिला होता आणि देवळाच्या ओवरीत मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवत होता. भाकरी तीच, भाषा तीच, पण कागदोपत्री गैरमुल्की. मी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडं संशयानं बघितलं. चांगला आपला मुलूख सोडून हा इथं कशाला आला? त्याला नगरहून पाकिटं येतात ती कुणाची? त्याच्या घरी सामानाभोवती गुंडाळलेले पुण्याकडचे मराठी पेपर असतात, ते इथं बंदी असलेले तर नव्हेत? कुणी म्हणायचं तो इंग्रजांचा हेर आहे, कुणी म्हणायचं उलट निजामाच्याच पोलिसांचा माणूस आहे. दोन्ही अफवांना मी मान डोलवायचो. दोन्ही एकाच वेळी कशा खऱ्या असतील, हा प्रश्न बी.ए. झालेल्या माणसाला पडला नाही.

एक दिवस तो माझ्या घरी आला. म्हणाला, तुमचं उर्दूचं पहिलं पुस्तक असेल तर द्या. मी दिलं, पण रात्रभर डोकं कुरतडत राहिलं — गैरमुल्की माणसाला उर्दू कशाला पाहिजे? तीन दिवसांनी कळलं कशाला. गावानं रीतसर शाळा काढायचं ठरवलं होतं. खाजगी शाळेलासुद्धा तेव्हा सरकारची परवानगी लागायची. देशमुख जागा देणार, महालिंगअप्पा आणि बाकीचे व्यापारी मास्तरचा पगार देणार. मास्तर एकच. तालीम खात्याकडं, म्हणजे शिक्षणखात्याकडं, अर्ज उर्दूतून करायचा आणि तपासणीला साहेब आला तर उत्तरंही उर्दूतून द्यायची, म्हणून बिचारा तिशी उलटल्यावर अलिफ-बे गिरवत होता.

गावाचं मन त्याच्याकडं होतं. त्यानं तीन वर्षं त्यांची मुलं शिकवली होती. मी काय केलं होतं? कापसाचे भाव वाचले होते.

हैदराबादच्या खुर्च्यांवर बसलेल्या बड्या गैरमुल्कींचं मी काय वाकडं करणार होतो? ते लांब होते. रघुनाथ मास्तर हाताशी होता.

अजून एकदा वळसा घालू का? नको. सांगतो.

धारूरात माझ्याशिवाय उर्दू नीट वाचणारे जे नेहमी दुकानात यायचे ते दोघंच — पटवारी आणि हकीमसाहेब. बाजाराच्या दिवशी हकीमसाहेबांकडं रोग्यांची गर्दी असते, ते उठत नाहीत. पटवाऱ्याचं मी आदल्या दिवशीच विचारून घेतलं होतं. तो बीडला गेला होता. म्हणजे हे माझ्या तोंडून सहज निघून गेलं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

मी पेपर उघडला. भाव वाचले. बापूरावांची थट्टा झाली. मग मी तिसरं पान काढलं, खालच्या कोपऱ्यात उजवीकडं बोट ठेवलं आणि ते हळूहळू डावीकडं सरकवत वाचलं — ज्या गावांनी गैरमुल्की मास्तर ठेवले आहेत त्या गावांची सरकारातून चौकशी होणार. अशा मास्तरकडं लेकरं धाडणाऱ्या बापांची नावं लिहून घेतली जाणार. हुकूम लवकरच निघणार.

त्या कोपऱ्यात केस गळण्यावरच्या एका तेलाची जाहिरात होती.

मी ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर घ्यायचो. एकदाही उचललं नाही. दादा बघत होते.

एकेक मान पायरीकडं वळली, कारण रघुनाथ मास्तर तिथंच बसला होता. तो उठला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "जरा बघू का?" मी पेपर दिला. न देऊन कसं चाललं असतं? त्यानं त्या कोपऱ्याकडं बराच वेळ बघितलं. त्याचे ओठ लहान मुलासारखे हलत होते. मग त्यानं पेपर नीट घडी करून परत दिला.

"छपाई बारीक आहे," तो म्हणाला. "मला अजून नीट लागत नाही."

तो गेल्यावर मी महालिंगअप्पांना म्हटलं, अप्पा, असला पेपर दुकानात ठेवू नका, आजच पुड्या बांधून टाका. त्यांनी तसंच केलं. भावांचं पान तेवढं काढून घेतलं.

आठ दिवसांत ओवरी ओस पडली. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, कुणी दगड मारला नाही. नुसती मुलं यायची थांबली. निजामाच्या अमलात कागदावर नाव चढणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बापाला माहीत होतं, आणि ते त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. शेवटी महालिंगअप्पा स्वतः त्याच्या दारात गेले. मीही बरोबर होतो — अप्पांनीच नेलं, शिकलेला माणूस संगं असावा म्हणून. अप्पांनी हात जोडले. "मास्तर, तुमी लई चांगले. पर आमाला लेकरंबाळं हायती. तुमी आपल्या मुलखात जावा."

मास्तरची बायको दारातल्या वाफ्यात मिरचीची रोपं लावत होती. तिनं हात धुतले नाहीत, तशीच मातीच्या हातांनी उभी राहिली. रघुनाथ मास्तर अप्पांना म्हणाला, बरं. माझ्याकडं त्यानं बघितलंच नाही. मला त्याचाही संशय आला — हा बघत का नाही?

चौथ्या दिवशी बैलगाडीत सामान घालून ते नगरच्या वाटेला लागले. जाताना त्यानं माझं उर्दूचं पुस्तक आमच्या घरी दिलं. मी नव्हतो, दादांच्या हातात दिलं. "तुमच्या पोराचे उपकार झाले," म्हणाला म्हणे. दादांना ते फार बरं वाटलं.

पुस्तक मी पुढं कधीतरी उघडलं. आत पेपराचा एक तुकडा होता. पुडीच्या घड्या पडलेला, हळदीनं पिवळा झालेला. महालिंगअप्पांच्या दुकानातून त्याच्याच घरी गेला असणार. तिसऱ्या पानाचा खालचा कोपरा. उर्दूच्या प्रत्येक शब्दाखाली त्यानं शिसपेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिला होता — केस, गळणे, सात दिवस, खात्री. एक-दोन शब्द चुकले होते. नवशिक्याच्या चुका. बाकी सगळं बरोबर लागलं होतं. वर-खाली दुसरं एक अक्षर नाही. मला उद्देशून काही नाही.

म्हणजे दुकानात त्याला वाचता आलं होतं की नव्हतं? भर बाजारात तो बोलला असता तर काय झालं असतं — गैरमुल्कीनं गावच्या बी.ए.ला खोटं पाडलं तर कुणी मानलं असतं? की पटवारी परतायची वाट बघून त्याला तो तुकडा दाखवता आला असता, आणि त्यानं दाखवला नाही? का नाही दाखवला? पुष्कळ वर्षं मी असं धरून चाललो की तो तो तुकडा कधीतरी वापरणार. तुकडा माझ्याच पेटीत होता, तरी. टपालवाल्याच्या पिशवीतून नगरचा शिक्का असलेलं काही निघतंय का, हे मी अजून बघतो.

शाळेतली मास्तरची जागा मला मिळाली. मिळायचीच होती, दुसरं होतं कोण?

दोन वर्षांनी देशमुखांनी रेडिओ आणला. गावात वीज कुठली. तो मोठ्या बॅटरीवर चालायचा आणि माळवदावर बांबू उभा करून तार ताणली होती. सगळा गाव ऐकायला लोटला. त्या पेटीतून एक बाई गायली, मग एका माणसानं उर्दूत बातम्या सांगितल्या. लोक म्हणाले, आता बीएची गरज संपली, आता बातमी आभाळातून सरळ येती. मी मागं उभा होतो. माझ्या मनात एवढंच आलं की त्या पेटीच्या पलीकडं कुणीतरी कागद धरून बसलेला आहे, आणि तो काय वाचतोय नि काय घालतोय हे इथल्या एकालाही दिसत नाही. तेव्हापासून मी कुठलीच बातमी सरळ ऐकू शकलेलो नाही. पुढं राज्य बदललं, पेपर मराठीत आले, पुढारी बदलले. कुणी भाषणात म्हणालं की बाहेरच्यांनी आपलं खाल्लं, की मी त्या माणसाच्या हाताकडं बघतो. मला लोक फार चिकित्सक समजतात.

दादाही त्या दिवशी रेडिओ ऐकून आले होते. घरी येऊन म्हणाले, "नामा, त्या पेटीला बोट न्हाई. खरं-खोटं कसं वळखायचं?"

मी टोपी काढून खुंटीला लावली.

"आपलं तूच वाचून दावीत जा," ते म्हणाले. "तुझं बोट मी बघितलंय."

हीच वेळ होती. आम्ही दोघंच होतो, पुस्तक पेटीत होतं, तुकडा पुस्तकात होता. मी उठलो, पेटीजवळ गेलो — आणि त्या दिवशी आलेला पेपर घेऊन परत आलो. बसलो. बोट ठेवलं. वाचून दाखवलं. त्या दिवशी अक्षरन् अक्षर खरं वाचलं. त्यानंतर त्यांना रोज खरंच वाचलं, ते जाईपर्यंत.

त्या शाळेवर मी एकतीस वर्षं शिकवलं आणि हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. दादा असतानाच पगार साठवून विहिरीचं रान भाऊबंदाच्या मुलाकडून परत विकत घेतलं. त्या खरेदीचा कागद दादांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, बोट ठेवून, आणि मग अंगठा उठवला. आमच्या घरात कागद वाचणारा माणूस झाला.